ऑफ म्हणजे बंद, मग अलार्म वाजतो कसा?

सातवीतली पुतणी परवा पेपर घेऊन आली, तोंड एवढंसं करून. ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह’ याचा अर्थ तिनं ‘अलार्म पाचला बंद पडला’ असा लिहिलेला आणि त्यावर लाल फुली. "काका, लाईट ऑफ म्हणजे बंद, फॅन ऑफ म्हणजे बंद, मी बरोबर लिहिलंय खरं बाईंनी चूक दिली." (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या बेळगावात ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

आता ‘ऑफ’ (off) आणि ‘ऑव्ह’ (of) हे मूळचे एकच, जुन्या इंग्रजीत अर्थ ‘पासून, दूर’. ‘ऑन’ म्हणजे टेकलेलं. मी तिला म्हटलं, ऑफला ‘बंद’ म्हणूच नको, ‘सुटणं’ म्हण आणि ऑनला ‘लागणं’. चावीच्या घड्याळात गजराची स्प्रिंग खटक्यानं अडवून धरलेली असते, वेळ झाली की खटका सुटतो आणि हातोडी घंटा बडवायला लागते, झालं वेंट ऑफ! बंदूक सुटते तसंच. सांबऱ्याहून विमान सुटतं ते टेक ऑफ, कामातून सुटलो तो डे ऑफ. सगळीकडं बसत नाही हे, तरी बरंच बसतं.

आणि इंग्रजीला हसायला नको. स्टँडवर ‘निपाणीची बस लागली’ आणि ‘मला बस लागते’ ही दोन्ही वाक्यं एकाच बाकावर ऐकू येतात, पहिलं ऐकून लोक पिशव्या उचलतात, दुसरं ऐकून लिंबू शोधतात, गोंधळ कुणाचाच होत नाही. का होत नाही, हा माझा आवडता विषय.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली एक भन्नाट प्रयोग छापला. लोकांच्या कानाला हेडफोन, त्यात एका सरकारी इमारतीची गोष्ट, की तिथं कोळी, झुरळं आणि इतर ‘बग्ज’ सापडले. बग म्हणजे किडा, आणि बग म्हणजे चोरून ऐकायचा माइकसुद्धा. ‘बग्ज’ ऐकू आलं की त्याच क्षणी स्क्रीनवर अक्षरं यायची आणि हा खरा शब्द आहे का एवढंच बटण दाबून सांगायचं. ‘मुंगी’ला बटण पटकन दाबलं जायचं, ते ठीक, झुरळांचीच गोष्ट चाललीय. खरं ‘हेर’ आला तरी तितकंच पटकन! आणि संबंध नसलेल्या ‘शिवणे’ला उशीर. म्हणजे झुरळं समोर असूनही डोक्यात माइकचा अर्थही उघडला होता, माणसाला पत्ताच नाही. हेच शब्द तीन सिलेबल उशिरा दाखवले तर फक्त मुंगीच पटकन, हेर गायब. मेंदू आधी सगळे अर्थ उघडतो आणि संदर्भ बघून नको ते मिटवतो, सगळं सेकंदाच्या आत. पुतणीच्या डोक्यात ‘ऑफ’चा एकच अर्थ होता, मग निवडणार कशातून? पोरीची चूक नाही ती.

ग्रुपवर वर्षातनं दोनदा मेसेज फिरतो की संस्कृतात एका शब्दाला एकच अर्थ म्हणून नासाला कॉम्प्युटरसाठी तीच भाषा पाहिजे. १९८५ साली रिक ब्रिग्स यांचा ‘एआय मॅगझिन’मध्ये एक लेख आला होता, मुद्दा हा की जुने वैयाकरणी वाक्य फोडून अर्थ मांडायचे ती पद्धत कॉम्प्युटरवाल्यांच्या पद्धतीशी जुळते. त्याचं फॉरवर्ड होता होता हे झालं. आणि एकच अर्थ? अमरकोशात नानार्थवर्ग म्हणून अख्खा भाग आहे, त्यात ‘हरि’ काढून बघा: यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक. पाणिनीच्या भाषेला मोठं ठरवायला खोट्या नासाची गरज काय पडते कुणास ठाऊक.

काल सकाळी पुतणी स्वयंपाकघरातून ओरडली, "काका, दूध ऑफ झालंय!" मी जाऊन गॅस बघितला, बंदच होता. मग पातेल्यावरचं झाकण काढलं तर वास आला.