ॲप लॉक आणि लॉक केलेली नोट: दिसायला सारखी, असायला वेगळी

आत्याने गेल्या वर्षी फोनमधल्या नोट्सच्या ॲपला लॉक लावून घेतलं. बोट टेकवल्याशिवाय ॲप उघडत नसे, म्हणून ती त्यात निर्धास्तपणे लिहायची. आतोबांच्या आजारपणातल्या नोंदी, कोणाला किती उसने दिले ते, आणि कोणाशी बोलता न येणारं बरंच काही. दिवाळीत तिच्या नातवाने घरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला. ज्या खात्यात तिच्या नोट्सही साठतात, ते लाइट बिल भरताना कधीतरी तिथे उघडं राहिलं होतं. तिच्या सगळ्या नोट्स समोर आल्या, एकही पासवर्ड न मागता.

"अगं, पण मी तर कुलूप लावलं होतं ना!" हे ती मला फोनवर तीन-चारदा म्हणाली. तिचं म्हणणं खरंच होतं. फक्त ते कुलूप नोटला नव्हतं, ॲपच्या दाराला होतं.

ॲप लॉक म्हणजे दारावरचा पहारा. तुम्ही ॲपच्या चित्रावर टिचकी मारली की मध्ये एक पडदा येतो, पिन किंवा बोट मागतो, जुळलं की बाजूला होतो. आतला मजकूर जसा होता तसाच राहतो. वेगळं डाउनलोड केलेलं लॉकचं ॲप असेल तर हा पहारा आणखी कच्चा. अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये सुरू केला की डाउनलोड केलेली ॲप चालतच नाहीत, म्हणजे पहारेकरीच नाही. फोनसोबत आलेलं नोट्सचं ॲप मात्र चालतं. आयफोनवर २०२४ च्या आयओएस १८ पासून (आयओएस म्हणजे आयफोनची मूळ सिस्टिम) बहुतेक ॲपना फेस आयडीचं, म्हणजे चेहरा ओळखून उघडणारं लॉक लावता येतं. ते सिस्टिमचंच असल्याने खूप भक्कम आहे, त्या ॲपमधला मजकूर सर्चमध्ये आणि नोटिफिकेशनमध्येही दिसत नाही. पण तेही लॉक त्या फोनवरच्या ॲपचं. तोच मजकूर त्याच खात्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला, तर तिथे हा पहारा नसतो.

लॉक केलेल्या नोटचं काम निराळं असतं. लहानपणी आपण 'च'ची भाषा बोलायचो ते आठवा. 'मला घरी जायचंय' याचं 'चलाम चरीघ चायचंयज'. घरातल्या मोठ्यांच्या कानावर शब्द पडायचे, पण अर्थ हाती लागायचा नाही. कूटबद्ध करणं म्हणजे मुळात हेच, मजकुराचंच रूप बदलणं. एक मोठा फरक आहे. 'च'च्या भाषेचा नियम एकदा कळला की कोणाचंही बोलणं उलगडतं. इथे नियम जगाला माहीत असतो, पण उलगडायला लागणारी किल्ली तुमच्या पासवर्डातून तयार होते. पासवर्ड नाही तर किल्ली नाही, आणि किल्लीशिवाय ती नोट म्हणजे निव्वळ अक्षरांचा चुरा. मग ती फोनवर असो, क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात) असो की घरच्या कॉम्प्युटरवर.

आयफोनच्या नोट्समध्ये ही सोय २०१६ पासून आहे. २०२२ च्या आयओएस १६ पासून तिथे दोन पर्याय मिळतात: फोनचाच पासकोड वापरा, किंवा नोट्ससाठी वेगळा पासवर्ड ठेवा. माझं मत ठाम आहे, वेगळाच ठेवा. आपल्याकडे फोनचा पिन घरात सगळ्यांना ठाऊक असतो. गेम खेळायला नातवंडांना, ओटीपी बघायला मुलाला, डबा पोचला का विचारायला आणखी कोणाला. त्याच पिनने नोटही उघडणार असेल तर ज्यांच्यापासून ती राखायची, त्यांच्याच हातात किल्ली राहते. सॅमसंग नोट्समध्येही एकेक नोट लॉक करता येते.

एक बारीक गोष्ट हमखास निसटते. आयफोनवर लॉक केलेल्या नोटचं शीर्षक यादीत दिसतच राहतं, आणि शीर्षक म्हणजे बहुधा नोटची पहिली ओळ. तेव्हा पहिल्या ओळीत 'डॉक्टर काय म्हणाले' असं लिहू नका. 'वाणसामान' लिहा आणि मजकूर खाली सुरू करा.

आपल्याकडे नक्की काय आहे हे ओळखायचं असेल तर एकच प्रश्न पुरतो: पासवर्ड विसरलात तर काय होईल? 'ॲप काढून पुन्हा टाका, नोट्स परत येतील' असं उत्तर असेल, तर तो पडदा आहे. ज्या वाटेने तुम्ही परत आत जाता, त्याच वाटेने दुसराही जाऊ शकतो. 'कोणीच काही करू शकत नाही' असं उत्तर असेल, तर ते खरं कुलूप. आयफोनच्या नोट्सचा वेगळा पासवर्ड विसरला तर ॲपलही ती नोट उघडून देऊ शकत नाही. नवा पासवर्ड लावता येतो, पण तो पुढच्या नोट्सना. जुन्या बंदच राहतात. हे ऐकून पुष्कळजण घाबरतात. मला मात्र यातच त्या कुलपाचा प्रामाणिकपणा दिसतो.

मग ॲप लॉक टाकाऊ का? मुळीच नाही. लग्नाचे फोटो दाखवायला उघडा फोन कोणाच्या हातात दिला आणि त्याचं बोट भलतीकडे गेलं, तर तिथे तेच वाचवतं. फोन चोरीला गेला तर मात्र खरी मदार स्क्रीन लॉकवर. आजच्या फोनमध्ये सगळा डेटा मुळातच कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली स्क्रीनच्या पिनशी बांधलेली असते. चार आकडी पिनच्या शक्यता १०,०००, सहा आकडीच्या १० लाख, त्यामुळे तिथे सहा आकडे ठेवाच. बँकेचे पासवर्ड आणि एटीएमचा पिन यांची जागा नोट्समध्ये नाहीच, लॉक असो वा नसो.

आत्याचं आम्ही असं केलं. आधी घरच्या कॉम्प्युटरवर तिच्या खात्यातून लॉग आउट केलं. मग खरोखर खासगी अशा अकरा नोट्स निवडल्या, त्यांना वेगळा पासवर्ड लावला आणि पुन्हा ब्राउझरमध्ये जाऊन त्या उघडतात का ते तिलाच बघायला लावलं. पासवर्ड तिने तिच्या ओवीच्या वहीतल्या दोन ओळींवरून ठरवला. तो एका कागदावर लिहून पाकीट चिकटवलं आणि कपाटाच्या लॉकरमध्ये एफडीच्या पावत्यांखाली ठेवलं. पाकीट कुठे आहे ते फक्त मला माहीत आहे, आणि ते कधी उघडायचं तेही तिने सांगून ठेवलंय.