हलगी कुणाच्या हातात?

एप्रिल आला की सोलापुरात संध्याकाळी कुठून ना कुठून हलगी ऐकू येते. अलीकडे तिच्या ठेक्यावर विशीतली पोरं माइक धरून, यमकं जुळवत जातीवर बोलतात. ‘हे अमेरिकेचं रॅप’ म्हणून मोठी माणसं विषय मिटवतात. मला ते अपुरं वाटतं.

अमेरिकेचा धागा आहेच. १७३९ साली साउथ कॅरोलिनात गुलामांनी उठाव केला, तो ढोल वाजवत. पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली, त्यांना लिहायला शिकवणंही गुन्हा ठरलं. उरला गळा. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. शेतात आणि पुढे चर्चमध्येही. आपल्या शाहिरामागे ओळ झेलणाऱ्या झीलकऱ्यांना हे समजावून सांगायला नको. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. १९ मे रोजी, कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या जन्मदिनी, न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या एका बागेत काही तरुण ढोलाच्या साथीने कविता म्हणायला उभे राहिले. तेच ‘द लास्ट पोएट्स’, रॅपचे पूर्वज.

हार्लेमला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ ते १९१६ बाबासाहेब तिथे शिकत होते. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मिळावी म्हणून १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं.

आपल्याकडची गोष्ट मात्र उलटी आहे. तिथे ढोल हिसकावला, इथे हलगी लादली. लग्नात, जत्रेत वाजवणं हे मातंगांचं ठरलेलं काम. मोबदला बलुत्याचा आणि जागा मांडवाबाहेर. काही घरांत वडीलधारे आजही ‘हलगी नको’ म्हणतात, ते ही आठवण ताजी असल्यामुळे. त्यांचं मला चुकीचं वाटत नाही. पण सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन आशय बदलला, आंबेडकरी जलशांनी पाणवठा, देऊळ, शाळा थेट फडावर आणली, आणि वाद्य हुकमाचं न राहता वाजवणाऱ्याचं झालं.

सोलापूर जिल्ह्याने या परंपरेला अमर शेख दिले. १९१६ साली बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल. गिरणीत काम केलं, संपात उतरले आणि १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या आमच्या गिरणगावात पत्रक एका भाषेत निघायचं, डफ सगळ्यांना कळायचा.

अमर शेख १९६९ मध्ये गेले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली; नाव घेतलं अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. तिच्या संस्थापकांपैकी नामदेव ढसाळ यांच्याशी अमर शेखांच्या कन्येचं, कवयित्री मल्लिका यांचं लग्न झालं. बार्शीचा डफ आणि ओकलंडचं नाव असं एका घरात आलं.