खटका की लॉक? वाढदिवसाला घडीचा चाकू घेताना

“मामा, खटकन बसला ना, मंग लॉकच झाला न तो!”

भाच्याने पातं उघडून दाखवत असं म्हटलं, तेव्हा मी आधी त्याच्या हातातून चाकू घेतला आणि मग माझ्या तर्जनीवरचा व्रण त्याला दाखवला. पुढच्या महिन्यात त्याला अठरावं संपतं. कृषी तंत्रनिकेतनात शिकतो, सुट्टीत आला की आमच्या वरुडकडच्या संत्र्याच्या बागेत दिवसभर राबतो. वाढदिवसाला काय पाहिजे विचारलं तर मोबाइल नाही, बूट नाही, घडीचा चाकू म्हणाला. मला मनापासून आनंद झाला. पण चाकू द्यायचा तर कोणता, हे नीट कळूनच द्यायला हवं, कारण दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले दोन चाकू बंद असताना अगदी सख्ख्या भावांसारखे दिसतात आणि हातात मात्र वेगळे वागतात. एक स्प्रिंगचा, दुसरा लॉकचा.

स्प्रिंगच्या चाकूत मुठीच्या पाठीमागून पोलादाची एक लांब पट्टी गेलेली असते. पात्याचं मुठीत राहणारं बूड चौकोनी घडवलेलं असतं. पातं उघडत नेलं की बुडाचा कोपरा त्या पट्टीला वर उचलतो, आणि कोपरा पुढे सरकला की पट्टी सपाट बाजूवर धाडकन बसते. तो ‘खट’ आवाज तिथला. पातं बंद करतानाही तसाच आवाज येतो. म्हणजे पट्टी पात्याला नुसती दाबून धरते. अडवत नाही. जोर पुरेसा लागला की ती पुन्हा उचलली जाते आणि पातं मिटतं. ते मिटायलाच हवं, त्याची रचनाच तशी आहे.

लॉकच्या चाकूत पात्याच्या बुडामागे काहीतरी आडवं येऊन उभं राहतं. ते हाताने बाजूला सारल्याशिवाय पातं मिटत नाही. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतल्या बाजूची पत्र्याची पट्टी सरकून बुडाला टेकते; बंद करताना ती अंगठ्याने बाजूला ढकलावी लागते. लॉकबॅकमध्ये मुठीच्या पाठीवरच्या तरफेचा आकडा बुडातल्या खाचेत पडतो. खरा घोळ होतो तो या लॉकबॅकमुळे. त्याच्याही पाठीवर पोलादी पट्टी दिसते, त्याचाही ‘खट’ आवाज येतो. फरक ओळखायचा तर पाठीवरून बोट फिरवा. पट्टी दाबण्यासाठी केलेला खळगा बोटाला लागला तर लॉकबॅक. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पाठ सलग असेल आणि बंद करायला कुठलीच कळ दाबावी लागत नसेल तर तो स्प्रिंगचा.

तरी शंका राहिली तर दुकानातच तपासा. पातं पूर्ण उघडा. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, चारही बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवा. आता पात्याची बोथट पाठ लाकडी काउंटरवर हळूच टेकवून दाबा. स्प्रिंगचा असेल तर आधी जरा अडेल आणि मग मिटू लागेल. लॉकचा असेल तर हलणार नाही. आपटायचं अजिबात नाही, हळूच दाबायचं.

माझ्या व्रणाची गोष्ट याच फरकाची आहे. फवारणीच्या पाण्याचा २०० लिटरचा निळा ड्रम होता, त्याला खाली तोटी बसवायची होती. ड्रिल गावात कुणाकडे तरी गेलेलं. मी खिशातला स्प्रिंगचा चाकू काढला आणि टोक प्लॅस्टिकमध्ये दाबलं. टोक आत गेलं आणि अडकलं. काढायला म्हणून मी मूठ वरखाली हलवली, तेवढ्यात पातं उलट फिरलं आणि बोटावर मिटलं. ४ टाके पडले. चाकू उत्तम होता, धार उत्तम होती, मी त्याला त्याचं नसलेलं काम सांगितलं. त्या कामाला लॉकचा चाकूसुद्धा योग्य नव्हता, ड्रिलच हवं होतं. पण लॉक असतं तर बोट वाचलं असतं.

म्हणून भेट घेताना मी एकच गोष्ट विचारतो. ज्याला द्यायचा आहे त्याचा हात चाकू कसा चालवतो? ओढून कापणं असेल, म्हणजे पोत्याची सुतळी, संत्र्याची साल, ठिबकची नळी, तर जोर धारेवर येतो आणि तो पात्याला आणखी उघडं ठेवतो. स्प्रिंगचा चाकू इथे मिटत नाही. टोचणं, खुपसणं, पिळणं, अडकलेलं पातं मागे ओढणं आलं की जोर पाठीवर येऊ शकतो. तिथे लॉक हवं.

आता नावानिशी बोलतो, कारण ऑनलाइन शोधलं की हे दोन हमखास समोर येतात.

पहिला, लाल मुठीचा स्विस चाकू. स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैनिकांना चाकू पुरवले, आणि आज जो आपण ओळखतो त्या ऑफिसर चाकूची नोंद १८९७ ची. व्हिक्टोरिनॉक्स हे नाव पुढे त्यांच्या आईच्या व्हिक्टोरिया या नावाला ‘इनॉक्स’, म्हणजे न गंजणारं पोलाद, जोडून झालं. त्यातला ९१ मिलिमीटरचा स्पार्टन घ्या: मोठं पातं, छोटं पातं, डबा उघडणी, स्क्रूड्रायव्हर, चांभाराच्या आरीसारखं टोचायचं टोक, वर चिमटा. बोरीच्या काट्यांतून फिरणाऱ्याला त्या एका चिमट्यासाठीही हा चाकू आवडेल. पण त्याची पाती स्प्रिंगची आहेत, लॉक नाही. याच कंपनीच्या १११ मिलिमीटरच्या बहुतेक मोठ्या चाकूंच्या पात्याला लॉक असतं. म्हणून “स्विस चाकू आहे” एवढं ऐकून समजत काही नाही, मॉडेल बघावं लागतं.

दुसरा, फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये शेतकऱ्या-कष्टकऱ्यांसाठी घडवला. बीच लाकडाची गोल मूठ, एकच पातं. ८ नंबरच्या चाकूचं पातं साडेआठ सेंटिमीटर. सुरुवातीला त्याला लॉक नव्हतं. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या तोंडाशी फिरणारी पोलादी कडी बसवली. पातं उघडून कडी फिरवली की तिची फट बाजूला जाते आणि पात्याच्या बुडामागे भिंत उभी राहते. मला ही व्यवस्था फार पटते, कारण ती लपलेली नाही. कडी फिरवली की नाही, हे लांबूनही दिसतं. फिरवायला विसरलात तर मात्र तो बिनलॉकचा चाकू आहे, आणि त्यात स्प्रिंगसुद्धा नाही, पातं फक्त लाकडाच्या घट्टपणावर उभं असतं. भाच्याला मी हे तीनदा सांगणार आहे.

ओपिनेलमध्ये पुन्हा कार्बन आणि इनॉक्स अशा दोन पोलादांचा प्रश्न येतो, आणि आमच्या बागेत तो सोपा नाही. कार्बनच्या पात्याला साध्या दगडावर पटकन, झणझणीत धार येते. पण संत्र्याचा रस लागला की पातं काळं पडतं, आणि ओलं ठेवलं की एका रात्रीत तांबेरतं. त्यात आमच्याकडे डिंक्या रोग. झाडाच्या बुंध्यातून डिंक ओघळायला लागला की रोगट साल धारदार पात्याने खरवडून काढायची, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने जागा धुवायची आणि बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावायचा. परमँगनेट आणि मोरचूद, दोन्ही कार्बन पोलादाचे वैरी. एका झाडाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून पातंही प्रत्येक झाडानंतर धुवावं लागतं. या कामाला न गंजणारं पोलादच बरं.

गंमत म्हणजे बोर्डो मिश्रण तपासायला आम्ही नेमका गंजणारा चाकूच वापरतो. तयार मिश्रणात साध्या लोखंडाचं पातं थोडा वेळ बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, चुना आणखी टाका. थर आला नाही तर मिश्रण फवारायला योग्य. माझ्या वडिलांचा जुना चाकू फवारणीच्या खोलीत अजून याच कामासाठी टांगलेला आहे.

लाकडी मुठीचं आणखी एक. आपल्याकडे जुलै-ऑगस्टची झड लागली की लाकूड फुगतं आणि पातं खाचेत आवळून बसतं, नखाने निघत नाही. तेव्हा पक्कड लावू नये. कडी मोकळी करून मुठीचा मागचा भाग टणक जागेवर हळूच ठोकला की पातं थोडं बाहेर डोकावतं, मग बोटांनी उघडायचं. चाकू पाण्यात बुडवून धुवायचाच नाही, ओल्या फडक्याने पुसून कोरडा करायचा. स्विस चाकूची मूठ प्लॅस्टिकची, तिला झडीचं काही वाटत नाही. फक्त सांध्यात माती आणि संत्र्याचा चिकटा बसतो. कोमट पाण्यात उघडझाप करून तो काढावा आणि वाळल्यावर सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा.

परदेशी लोकांचा सल्ला वाचताना एक सांभाळा. बरेच जण बिनलॉकचाच चाकू घ्या म्हणतात. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू कारण न सांगता जवळ बाळगता येतो, लॉकच्या चाकूला ती सवलत नाही. त्यांची निवड त्यांच्या कायद्यातून येते. आपल्याकडच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत चाकूला शस्त्र मानायचं मोजमाप वेगळं आहे: पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद, आणि त्यातही घरगुती व शेतीची अवजारं वगळलेली. वर सांगितलेले दोन्ही चाकू त्या मापाच्या फार आत आहेत. तरीही तो वावरातच शोभतो. यात्रेत, कॉलेजात, न्यायालयात, निवडणुकीच्या बंदोबस्तात खिशात चाकू नको. नागपूरहून विमानाने जायचं असेल तर चेक-इनच्या बॅगेत. आणि बटन दाबताच उडून उघडणारा चाकू या दोन्हींपैकी नाही, तो कुणी कितीही स्वस्तात दिला तरी पोरांच्या हाती देऊ नका.

आईने ऐकलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न आलाच: “पोट्ट्याले चाकू काहून देतं रे?” मीठ-मिरची जशी हातावर देत नाहीत, तसा चाकूही हातोहात देऊ नये, भांडण होतं, असं तिचं म्हणणं. तिचं मन राखायला मी तो पाटावर ठेवणार आहे, त्याने तो पाटावरून उचलावा.

भाच्यासाठी मी ओपिनेल ८ नंबर, इनॉक्स पात्याचा ठरवला आहे. त्याचं काम बुंध्यापाशी आहे, साल खरवडताना टोक गाठीत अडकतं आणि मागे ओढावं लागतं. माझ्या बहिणीला हा निर्णय आवडला नाही, तिला चिमटा आणि डबा उघडणी असलेला लाल चाकू घरात जास्त उपयोगी वाटतो. घरासाठी तिचं अगदी बरोबर आहे, आणि दिवाळीला मी तिलाच तो घेणार आहे. कलमाचे डोळे बांधायला मात्र यातला एकही चालणार नाही. त्याला पातळ, वस्तऱ्यासारख्या धारेचा कलमाचा चाकूच लागतो, तो आमच्याकडे आहे.

चाकूसोबत एक सुती फडकं, तेलाची छोटी बाटली आणि बारीक दाण्याचा दगड बांधून ठेवला आहे. वाढदिवसाच्या सकाळी पूजा झाली की आम्ही दोघं बागेत जाऊ, आणि पहिल्या झाडापाशी पातं उघडायच्या आधी तो मला कडी फिरवून दाखवेल.