काट्यावरचा जुना पीसी आणि बदललेलं डिफॉल्ट

मागच्या कापसाच्या हंगामात आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंगवरून दिवसाआड फोन येऊन राहिला होता, काट्यावरचा कॉम्प्युटर लटकते म्हणून. गाड्यांची लाइन असली की बरोबर चालायचा, अन् दुपारी अर्धा-पाऊण तास गाडी नसली की पुढची गाडी काट्यावर चढेपर्यंत स्क्रीन गोठलेली. मुनीम म्हणे, "भाऊ, अजून लटकलं पाहा, आता पावती कशी देऊ," अन् बाहेर शेतकरी पहाटेपासून कापूस भरून उभा. दहा-बारा वर्षं जुना सेकंडहँड डेस्कटॉप, त्यात मागून टाकलेली २४० जीबीची स्वस्तातली एसएसडी. मी आधी केबल बदलली, मग एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, बदलला, शेवटी एसएसडी गेली असं सांगून पण टाकलं. गेलं काहीच नव्हतं. आठ दिवस आधी लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, अपडेट झाला होता अन् त्यात डिस्कच्या ड्रायव्हरचं एक डिफॉल्ट, म्हणजे कोणी हात लावला नाही तर आपोआप चालणारं सेटिंग, बदललेलं होतं.

हे समजायला मागं जावं लागते. डिस्क जोडायची ती चपटी रुंद आयडीई केबल आठवते ना, तिच्या जागी २००३ मध्ये साटा आलं. साटाच्या वायरवर डेटा नसला तरी लिंक जागीच राहते अन् करंट खात राहते, म्हणून तिला झोपायच्या दोन पायऱ्या दिल्या: पार्शल, ज्यातून १० मायक्रोसेकंदांत उठायचं, अन् स्लंबर, ज्यातून १० मिलिसेकंदांत. कधी झोपायचं हे कॉम्प्युटर ठरवू शकते तसं डिस्क स्वतःही ठरवू शकते. नियम चांगला आहे, पण काही डिस्कचं फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर, असं की झोपते बरोबर, उठतच नाही.

लिनक्समध्ये ही सोय २००८ च्या जानेवारीत, कर्नल २.६.२४ मध्ये आली. पण सगळ्यात जास्त बचतवाल्या सेटिंगनं काही डिस्कवरचा डेटा खराब होते हे दिसलं, म्हणून डिफॉल्ट बरीच वर्षं एकच होतं: बायोसनं, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरनं, जे ठेवलं त्याला हात लावायचा नाही. मग २०१७ मध्ये कर्नलवर काम करणारे हान्स डी गोडे यांनी मधल्या बचतीचं सेटिंग काढलं, विंडोजमधला इंटेलचा ड्रायव्हर जसं करते त्याच धर्तीवर. काही लॅपटॉपवर रिकाम्या वेळी एक ते दीड वॅट वाचत होते, अन् बॅटरीवर चालणाऱ्या माणसासाठी ते खरंच लहान नाही. २०१८ मध्ये फेडोरा २८ या लिनक्सच्या आवृत्तीनं ते चालू केलं, पण लॅपटॉपच्या चिपसेटपुरतंच.

खरा फरक मे २०२४ च्या कर्नल ६.९ मध्ये पडला. लॅपटॉप-डेस्कटॉप ही वाटणीच काढून टाकली अन् हेच सेटिंग बहुतेक साटा कंट्रोलरला डिफॉल्ट झालं. पुढच्याच महिन्यात क्रुशियल बीएक्स५०० चं २४० जीबीवालं मॉडेल, अपासर एएस३४०, एएमडी रेडिऑन एस३ अशा एसएसडी "हिला झोपवू नका" या यादीत टाकाव्या लागल्या. २०१४ मध्ये यूएसबी डिस्कसाठी यूएएस ही जलद पद्धत चालू केली तेव्हाही अशीच यादी वाढत गेली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही यादी माणसांनी कळवल्यावरच वाढते, अन् काट्यावरच्या मुनीमाला सेटिंग नावाची गोष्ट आहे हेच माहीत नाही, त्याच्यासाठी डिफॉल्ट म्हणजेच कॉम्प्युटर. त्याचा पीसी कायम प्लगवर, दीड वॅट वाचून त्याला काय मिळणार? नुकसान मात्र त्याचं अन् लाइनीत उभ्या शेतकऱ्याचं.

त्या पीसीवर लिंक पॉवर मॅनेजमेंटची पॉलिसी मॅक्स परफॉर्मन्सवर टाकली, म्हणजे लिंक झोपवायचीच नाही, रीस्टार्टनंतरही तीच राहील असं केलं, तेव्हापासून लटकला नाही. एसएसडीचं मॉडेल अन् फर्मवेअरचा नंबर वहीत उतरवून घेतला, कर्नलचा लॉग पेनड्राइव्हवर घेतला, आता ते कर्नलवाल्यांना कळवून राहिलो आहे.