पुरलेल्या पोलादी वाहिन्यांचे उर्वरित आयुष्य (खानदेश)

जमिनीखालच्या पोलादी वाहिनीची भिंत गंजून ती किती वर्षांत गळेल वा फुटेल, याचा मोजमापांवरून बांधलेला अंदाज. जळगावला वाघूर धरणातून आणि धुळ्याला तापीतून पाणी आणावे लागते. मनमाडहून इंदूरकडे जाणारी पेट्रोलियम वाहिनीही खानदेश ओलांडते. असा अंदाज इथे कठीण होतो तो मुख्यतः जमिनीमुळे.

तापीकाठी खोल, भारी काळी जमीन आहे. थोडे वर गेले की मुरूम लागतो. भिजलेल्या काळ्या मातीचा विद्युत्‌रोध १० ओहम-मीटरच्या आसपास किंवा त्याखाली येतो, आणि अशी माती तीव्र गंजकारक मानली जाते. त्याहून घातक असतो तो दोन जमिनींचा सांधा. मुरमात हवा खेळते, चिकणमातीत खेळत नाही. एकच वाहिनी दोन्हींतून गेली की हवा न मिळणारा भाग धनाग्र बनतो आणि तोच झिजतो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, पावसाळ्यात फुगते; या ओढाताणीत पाइपावरचे कोटिंग सुटते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात ठिबकमुळे ओल वर्षभर टिकते. हवाबंद ओल्या मातीत सल्फेटवर जगणारे जिवाणूही गंज वाढवतात. म्हणून कॅथोडिक संरक्षणात, म्हणजे पोलादाला वीजप्रवाह पुरवून गंज रोखण्याच्या पद्धतीत, एरवी तांबे-मोरचूद विद्युदग्राच्या तुलनेत −८५० मिलिव्होल्ट विभव पुरेसे धरतात, तर जिवाणूंच्या जागी −९५० ठेवतात.

वाहिनीचा सरासरी गंज हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. किलोमीटरभर भिंत शाबूत असली तरी गंजाने भिंतीत पडलेला एक खोल खड्डा वाहिनी गळायला पुरेसा असतो. त्यामुळे सर्वांत खोल खड्ड्याचा अंदाज घ्यायला गम्बेलची टोकाच्या मूल्यांची संख्याशास्त्रीय पद्धत वापरतात: काही तुकडे उघडून प्रत्येकातला सर्वांत खोल खड्डा मोजायचा आणि त्यावरून न उघडलेल्या लांबीतला सर्वांत खोल खड्डा काढायचा. मात्र काळ्या मातीतले आणि मुरमातले तुकडे एकाच गटात मिसळले की निष्कर्ष फसतो.

काळाचा हिशेब आणखी निसरडा. समजा, भिंत ८ मिमी आहे आणि १५ वर्षांनी ३ मिमीचा खड्डा सापडला. गंजलेल्या वाहिनीची उरलेली ताकद ठरवण्याच्या एएसएमई बी३१जी या अमेरिकी पद्धतीत भिंतीच्या ८० टक्क्यांहून खोल खड्डा चालत नाही. इथे ती मर्यादा ६.४ मिमी. गंज एकसारख्या वेगाने वाढतो असे धरले, तर वेग वर्षाला ०.२ मिमी आणि उरलेली वर्षे १७. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९२२ पासून मातीत पुरलेल्या नमुन्यांवर दिसले, की बऱ्याच जमिनींत गंज पुढे मंदावतो. खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरली तर उत्तर सुमारे ५३ वर्षे येते. उलट कोटिंग पाचच वर्षांपूर्वी फाटले असेल, तर खरा वेग ०.६ मिमी आणि हाती उरतात जेमतेम साडेपाच वर्षे. खड्डा तोच, उत्तरे तीन! खड्ड्याची लांबी आणि आतला दाब इथे धरलेलाच नाही. लांब खड्डा ८० टक्क्यांच्या बराच आधी वाहिनी फोडू शकतो.

तेलवाहिनीच्या आतून चुंबकीय गळतीवर चालणारे, म्हणजे भिंत पातळ असेल तिथे बाहेर सांडणारे चुंबकीय क्षेत्र टिपणारे तपासणी यंत्र, ‘पिग’, सोडता येते. पण त्याची नेहमीची चूक भिंतीच्या १० टक्के, तीही ८० टक्के खात्रीने. वरच्या ३ मिमीचे ३.८ मिमी असू शकतात आणि १७ वर्षांची १० होतात. म्हणून काढलेल्या आयुष्याच्या साधारण निम्म्या काळात पुन्हा तपासणी करून हिशेब नव्याने मांडणे शहाणपणाचे.

भुसावळ परिसरात आणखी एक घटक येतो: २५ किलोव्होल्ट रेल्वेमार्ग आणि दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब तारा. त्यांना समांतर वाहिनीत प्रत्यावर्ती (एसी) विद्युत्‌प्रवाह प्रेरित होतो. कोटिंगच्या छिद्रात त्याची घनता चौरस मीटरला १०० अँपिअरच्या वर गेली, तर −८५० मिलिव्होल्ट असूनही पोलाद झिजते.

शहरी जलवाहिन्यांत पिग सहसा जात नाही. व्हॉल्व्ह, वळणे आणि बदलते व्यास आड येतात. तिथे ठिकठिकाणी खणून अल्ट्रासाउंडने जाडी मोजणे आणि किलोमीटरमागे गळत्यांची वर्षवार नोंद ठेवणे एवढेच शक्य असते. ती नोंद जमिनीच्या नकाशावर मांडली, तरच आयुष्याचा अंदाज टप्प्याटप्प्याने वेगळा काढता येतो.