सेवेतल्या शिक्षकांचा टीईटी अर्ज : पाच वर्षांचा हिशोब, दहावीचं नाव आणि लॅमिनेशनची चकाकी

कागद हाताशी असले तर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) ऑनलाइन अर्ज वीस मिनिटांत भरून होतो. आमच्या केंद्रात (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात) एका बाईंचा अर्ज पूर्ण व्हायला अकरा दिवस लागले. त्यातले नऊ दिवस एका कागदापायी गेले आणि तो कागद त्यांच्याकडे कधी नव्हताच. त्याची हकिकत पुढे येईल.

मला केंद्रात 'तंत्रस्नेही' म्हणतात. शालार्थचं, म्हणजे पगाराच्या पोर्टलचं, लॉगिन उघडेना, यू-डायसवर (शाळांच्या माहितीच्या पोर्टलवर) पोराचं नाव जुळेना, प्रिंटर कागद गिळून बसला, की फोन मला. त्यामुळे २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सतरा जणांचे अर्ज माझ्या लॅपटॉपवरून गेले. कोण कुठे अडकतं हे त्यात नीट कळलं, तेच इथे लिहितोय.

कुणाला द्यावीच लागेल

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागू आहे, मग नेमणूक शिक्षण हक्क कायद्याच्या आधीची का असेना. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांना निकालापासून दोन वर्षं मिळाली, म्हणजे २०२७च्या ऑगस्टअखेरपर्यंत. पाच वर्षांहून कमी उरली असेल तर टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत राहता येतं, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही उत्तीर्ण व्हावं लागेल.

ही पाच वर्षं सगळ्यात जास्त चुकीची मोजली जातात. ती परीक्षेच्या दिवसापासून किंवा अर्ज भरल्या दिवसापासून धरायची नाहीत. निकालाच्या तारखेपासून निवृत्तीच्या तारखेपर्यंत मोजायची. आपल्याकडे अर्ध्या मास्तरांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी तीच लिहिली. १ जून १९७२ वाला गुरुजी अठ्ठावन्न पूर्ण करून ३१ मे २०३० ला निवृत्त होतो, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस सुटतो. तो पाच वर्षांच्या आत आला. पण ५ सप्टेंबर १९७२ ची बाई निवृत्त होणार ३० सप्टेंबर २०३० ला. तिची पाच वर्षं आणि वर एकोणतीस दिवस. तिला परीक्षा द्यावीच लागेल. बरोब्बर शिक्षकदिनी जन्मलेल्या एक बाई आमच्या तालुक्यात आहेत, त्यांना हे सांगताना माझीच जीभ अडखळली. तारीख मोजताना सेवापुस्तकातली घ्या, आधारवरची नको. दोन्हींत फरक असलेले दोघे मला याच सतरांत भेटले.

दुसरा घोळ उर्दू शाळांतल्या सहकाऱ्यांचा. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू होतो का, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवलाय. त्यावरून 'उर्दूवाल्यांना सूट' अशी बातमी किनारपट्टीभर फिरली. शाळेचं माध्यम उर्दू असलं म्हणून संस्था अल्पसंख्याक होत नाही. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही जिल्हा परिषदेचीच शाळा, तिथल्या शिक्षकांनी गाफील राहू नये.

निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून याचिका गेल्या आहेत, संघटनांचे मोर्चेही निघाले. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला पुन्हा पात्रता सिद्ध करायला लावणं मलाही पटलेलं नाही. पण 'काहीतरी होईल' म्हणून अर्ज न भरणाऱ्याचं, काहीच झालं नाही तर, एक वर्ष फुकट जातं.

कुठला पेपर

पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. दोन्ही दीडशे गुणांचे, वेळ अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण व्हायला साठ टक्के म्हणजे नव्वद गुण हवेत, राखीव प्रवर्गाला पंचावन्न टक्के. मराठी माध्यमवाल्यांना भाषा दोन इंग्रजी असते, आणि खरी भीती तिचीच आहे.

सातवीपर्यंतच्या शाळेत एकच माणूस सकाळी तिसरीला परिसर शिकवतो आणि दुपारी सातवीला गणित. त्याने विचार वर्गाचा न करता नेमणुकीचा करायचा. आदेशात उपशिक्षक आहात की पदवीधर शिक्षक ते बघा. शंका असेल आणि पदवी असेल तर दोन्ही पेपर भरा. २०२५ला खुल्या प्रवर्गाला एका पेपरचे हजार आणि दोन्हींचे मिळून बाराशे रुपये होते. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना सातशे आणि नऊशे. वरचे दोनशे वाचवायला जाऊन चुकीचा पेपर दिलात तर ते महागात पडेल. पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्र हे अर्जातच ठरतं. भाषेच्या पदवीधर शिक्षकाला यातलं कुठलंही चालतं. ज्याची पाठ्यपुस्तकं घरात आहेत ते घ्यावं.

दहावीचं नाव आणि लग्नाचा दाखला

अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरायचं. पुरुषांचं इथे फारसं अडत नाही. बाईंचं दहावीचं नाव माहेरचं, आधार सासरचं, शालार्थला तिसरंच, आणि जातीचा दाखला पुन्हा माहेरचा. परीक्षेच्या दारात हॉलतिकीट आणि ओळखपत्र शेजारी शेजारी धरून बघतात. तिथे दोन नावांची बाई एकच आहे हे सांगायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो, नाहीतर नावबदलाचं राजपत्र.

आता सांगा, १९९८-९९ला खळ्यात मांडव घालून झालेल्या लग्नाची नोंद किती जणांनी केली होती? सुरुवातीला सांगितलेल्या आमच्या बाईंनीही केली नव्हती. नोंदणी आजही होते. ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) नमुना 'ड' भरायचा, तीन साक्षीदार न्यायचे, उशिराचा दंड भरायचा. दाखला मिळतो तो नमुना 'ई'. लग्नपत्रिका आणि लग्नातला एखादा फोटो शोधून ठेवा. नमुन्यात लग्न लावणाऱ्या भटजींची सहीदेखील असते. आमच्या बाईंचे भटजी वारून आठ वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, "भटजींची सही आणा." कुठून आणायची ते कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या फेरीला साहेब मीटिंगला, तिसऱ्या फेरीला शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी साहेबांच्या खिशात. शेवटी भटजी हयात नसल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं आणि ते चाललं. हे नऊ दिवस गेले ते यात. जाहिरातीची वाट न बघता हा दाखला आधीच काढून ठेवा. नोंद सासरच्या ग्रामपंचायतीत होईल की माहेरच्या, हे विचारून मगच जा, नाहीतर पहिली फेरी तिथेच वाया जाते.

डी.एड.चंही असंच. दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका सगळ्यांकडे असतात, पण नोकरी लागली या आनंदात मूळ प्रमाणपत्र अध्यापक विद्यालयातून आणायचं राहून गेलेलं असतं. विद्यालय बंद पडलं असेल तर आधी जिल्ह्याच्या डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) चौकशी करा. डी.एड.ची परीक्षा घेतलेली परीक्षा परिषद, पुणे, हीच टीईटीही घेते, पण म्हणून ती तुमचा कागद स्वतःच्या कपाटातून काढेल अशा भ्रमात राहू नका. दहावी-बारावीची गुणपत्रिका वाळवीने खाल्ली असेल तर दुय्यम प्रत ज्या विभागीय मंडळातून पास झालात तिथूनच मिळते. रत्नागिरीचं कोकण विभागीय मंडळ २०१२ पासूनचं. त्याआधीच्या गुणपत्रिकेवर कुठल्या मंडळाचं नाव आहे ते वाचा आणि मगच एसटीत बसा.

फोटो, सही आणि ओटीपी

"सर, ह्यो मेलो फोटोच घेणा नाय!" हे वाक्य मी त्या पंधरवड्यात रोज ऐकलं. फोटो घेत नाही कारण फोनने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा आणि अर्जाला हवा असतो थोड्या केबीचा. एका एमबीत साधारण हजार केबी. आकार कमी करायचं ॲप फोनमध्ये घ्या, अर्जावर लिहिलेल्या मर्यादेत फोटो बसवा आणि फाइलला 'फोटो', 'सही' अशी साधी नावं द्या. व्हॉट्सॲपवरून मला पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवलात तर व्हॉट्सॲप त्याला असा चेपतं की गुणपत्रिकेवरचा आठ तीनसारखा दिसतो.

आता लॅमिनेशन. पावसाळ्यात कागदाला बुरशी येते म्हणून आपण सगळ्यांनी प्रमाणपत्रं लॅमिनेट करून ठेवली. शहाणपणाच केला, पण फोनचा फ्लॅश त्यावर पडला की नेमका गुणांच्या जागी पांढरा गोळा उठतो. एका गुरुजींच्या बी.ए.च्या गुणपत्रिकेत एकूण गुणांच्या जागी माझ्याच ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आलं होतं. फ्लॅश बंद करा, कागद ओटीवर न्या, उजेड बाजूने येऊ द्या आणि आपली सावली पडू देऊ नका. गुगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय फुकट आहे, कडा आपोआप कापल्या जातात. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर, काळ्या पेनने. रेघांच्या वहीतलं पान नको.

नोंदणीला दिलेला मोबाइल नंबर स्वतःचा आणि चालू असावा. मिस्टरांचा नंबर दिला आणि मिस्टर बोटीवर, असं झालंय आमच्याकडे. ओटीपी थोडाच वेळ चालतो. घरात रेंज नसेल तर अर्ज भरायलाच सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या पठारावर, जा. ओटीपी घ्यायला सड्यावर आणि टाकायला घरी, या धावपळीत तो मरतो. ईमेल आणि पासवर्ड वहीत लिहा. सायबर कॅफेवाल्याने स्वतःच्या ईमेलवर नोंदणी केलेली दोन माणसं हॉलतिकिटाच्या वेळी त्याच्या दुकानापुढे उभी होती आणि दुकान मे महिन्यापर्यंत बंद.

पैसे खात्यातून गेले आणि अर्जावर 'अनपेड' दिसतंय, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या, बाहेर पडा, काही तासांनी पुन्हा लॉगिन करून स्थिती बघा. शेवटच्या दोन दिवसांत हे हमखास होतं. २०२५ला अर्जाची मूळ मुदत ३ ऑक्टोबर आणि दसरा २ तारखेला, त्यामुळे सगळेच शेवटच्या दिवशी बसले. मुदत नंतर वाढली, पण वाढेलच हे धरून चालू नका. अर्ज अंतिम केल्यावर दुरुस्ती होत नाही, तेव्हा त्याआधी कुणा दुसऱ्याला तो मोठ्याने वाचायला सांगा. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत, वर्गात आपण पोरांना हेच सांगतो.

परीक्षेला बसतोय असं पत्र मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घेऊन ठेवा. उद्या रजेचा प्रश्न आला तर कामाला येईल. परीक्षेचं केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी धरून चाला. मंडणगडच्या माणसाला रत्नागिरी म्हणजे आदल्या दिवशीचा मुक्काम.

सीटीईटी (केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा) चालते का, हे सगळेच विचारतात. चालते, तीही पात्रताच आहे. सीबीएसई घेते, गुणांची अट तीच. पण तिथे मराठी फक्त भाषेच्या विभागात मिळते; गणित, परिसर, मानसशास्त्राचे प्रश्न हिंदी-इंग्रजीत असतात. इंग्रजी वाचायची सवय असेल तर तोही अर्ज भरा, दोन संधी झाल्या.

आणि कुणी 'पास करून देतो' म्हणत आलं तर दारातूनच परत पाठवा. जानेवारी २०२०च्या टीईटीतला घोटाळा २०२१च्या अखेरीस बाहेर आला, आणि सात हजारांहून जास्त जणांवर कारवाई झाली. त्यात सेवेत लागलेलेही होते.

उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागामार्फत येतं. ते एकदाच काढायचं आणि आयुष्यभर चालतं, सात वर्षांची जुनी मुदत आता नाही. हातात पडल्याबरोबर सेवापुस्तकात नोंद करून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. लॅमिनेट करायच्या आधी स्कॅन करा.