पत्ता बरोबर, गाव भलतंच

मामा निवृत्त मुख्याध्यापक. शाळेच्या वार्षिकांकासाठी वीस वर्षांपूर्वी टाइप केलेले त्यांचे लेख नव्या लॅपटॉपवर उघडले, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा काला. कारण साधं होतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले सामायिक आकडे देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या घडणीचा तो फॉन्ट नव्या मशीनवर नव्हता. मामांनी फॉन्टचं नाव टाकून शोधलं, समोर आलेल्या पानावरचं भलंमोठं हिरवं 'डाउनलोड' बटण दाबलं, उतरलेली फाइल चालवली आणि नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. फॉन्ट आला नाहीच. दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर उघडला की कधी न पाहिलेलं शोधपान समोर येऊ लागलं, बँकेचं नाव शोधलं की कर्जाच्या जाहिराती, आणि खालच्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी सूचना: 'तुमच्या संगणकात 5 व्हायरस सापडले'.

"अगं, व्हायरस शिरलाय बहुतेक," मामा फोनवर म्हणाले.

"शिरला नाही मामा. तुम्ही पाट मांडून बसवलाय."

त्यांना ते जरा लागलं, पण फरक खरा आहे. चोर कुलूप फोडून येतो. ॲडवेअर, म्हणजे जाहिराती दाखवून कमावणारं सॉफ्टवेअर, बहुतेक वेळा तुमच्या सहीने येतं. इन्स्टॉलरच्या तिसऱ्या-चौथ्या पडद्यावर बारीक अक्षरांत 'आमचं शोधपान मुख्यपान म्हणून ठेवा' असं लिहिलेलं असतं आणि शेजारच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण असते. आपण वाचत नाही, ही त्यांची गुंतवणूक.

या सहीमुळेच अँटिव्हायरस कंपन्यांची बरीच वर्षं पंचाईत झाली. 'झँगो' नावाच्या अमेरिकी ॲडवेअर कंपनीला तिथल्या व्यापार आयोगाने 2006मध्ये 30 लाख डॉलर भरायला लावले, तर पुढच्याच वर्षी ती कंपनी उलट कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवर दावा लावून मोकळी झाली: तुमचं सॉफ्टवेअर आमचं सॉफ्टवेअर अडवतं, आमचा धंदा बुडतो! 2009मध्ये अपील कोर्टाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. तरीही व्हायरस किंवा ट्रोजन म्हणायचं टाळून असल्या प्रोग्रॅमांना 'संभाव्य नकोसे' असं गुळमुळीत नाव देण्याची पद्धत राहिलीच. विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या अँटिव्हायरसमध्ये त्यांच्यासाठी आजही निराळं बटण आहे.

पैसा येतो कुठून? आपल्या इन्स्टॉलरमध्ये दुसऱ्याचा प्रोग्रॅम घुसवायला मोबदला मिळतो. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016मध्ये या बाजाराचा अभ्यास केला, तेव्हा एका इन्स्टॉलचा भाव 10 सेंटांपासून दीड डॉलरपर्यंत होता. गूगलची सुरक्षा यंत्रणा असल्या डाउनलोडबद्दल आठवड्याला 6 कोटींहून जास्त इशारे देत होती, खऱ्याखुऱ्या घातक सॉफ्टवेअरच्या जवळपास तिप्पट. तुमचा शोध आपल्या पानावरून वळवला की जाहिरातीच्या प्रत्येक क्लिकमागे दलाली. एका क्लिकची रक्कम चिल्लर, पण क्लिक लाखांनी.

आता मुख्य गोष्ट. आपण पत्ता टाइप करतो आणि पान समोर येतं, यात मध्ये काही घडत असेल असं वाटतच नाही. प्रत्यक्षात ती वाट बरीच नाक्यांची आहे. पहिला नाका ब्राउझरचं चिन्ह. ते म्हणजे फक्त शॉर्टकट. त्याच्या 'टार्गेट' रकान्यात प्रोग्रॅमच्या नावापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवला, की सेटिंग्ज कितीही बदला, उघडताना तेच पान येणार. मग ब्राउझरमधलं शोध-इंजिन, मग एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम. पुढे विंडोजमधली प्रॉक्सीची, म्हणजे मधल्या दलाल-संगणकाची, नोंद आणि साइटची नावं व त्यांचे आकड्यांतले पत्ते लिहिलेली 'होस्ट्स' नावाची एक जुनी मजकूर-फाइल. शेवटी डीएनएस, आणि घरातला राउटर. कोणत्याही एका नाक्यावरचा माणूस फितवला की बाकीचे प्रामाणिक असून उपयोग नाही.

यातला डीएनएसचा नाका सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी दिसणारा. संगणकाला साइटचं नाव कळत नाही, आकड्यांतला पत्ता कळतो. नाव सांगितलं की आकडा सांगणारा सर्व्हर म्हणजे डीएनएस. गावात नव्याने आलेला माणूस स्टँडवर विचारतो, 'पाटील डॉक्टर कुठे?' आणि जो कोपऱ्यावरचा पानवाला बोट दाखवेल तिकडे जातो. पानवालाच दुसऱ्या डॉक्टरकडून पैसे घेत असेल तर?

एस्टोनियातल्या एका टोळीने नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांचं 'डीएनएस चेंजर' हे सॉफ्टवेअर व्हिडिओ बघायला लागणारा 'कोडेक' असल्याची बतावणी करून संगणकात यायचं आणि एकच काम करायचं: डीएनएसच्या रकान्यात टोळीच्या सर्व्हरचा आकडा भरायचं. जमलं तर राउटरमध्येसुद्धा, कारण राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड लोक बदलत नाहीत. मग अमेरिकी आयकर खात्याच्या दुव्यावर क्लिक केलेला माणूस एका कर-सल्लागार कंपनीच्या साइटवर पोचायचा, आणि माणूस आणून दिल्याची दलाली टोळीला. नामांकित वर्तमानपत्राच्या पानावरची मूळ जाहिरात काढून तिथे दुसरी लावली जायची. वाचकाला वाटायचं, असेल वर्तमानपत्राचीच. अँटिव्हायरसचे अपडेट मात्र अडवले जायचे.

नोव्हेंबर 2011मध्ये एफबीआयने टोळी पकडली तेव्हा शंभराहून जास्त देशांतले सुमारे 40 लाख संगणक तिच्या सर्व्हरवर विसंबून होते आणि कमाई किमान 1 कोटी 40 लाख डॉलर. आता पेच असा की ते सर्व्हर जप्त करून बंद केले असते, तर या 40 लाख लोकांचं इंटरनेट एका क्षणात गेलं असतं. पानवाल्याला उचललं, पण रस्ता विचारायला दुसरं कोणी नाही! म्हणून कोर्टाच्या परवानगीने त्याच आकड्यांवर स्वच्छ सर्व्हर बसवण्यात आले. मुदत आधी मार्च 2012पर्यंत होती, ती वाढवून 9 जुलै केली. त्या दिवशी 'इंटरनेट बंद पडणार' अशा बातम्या जगभर झळकल्या. तसं झालं नाही, पण आठ महिने सावध करूनही दोन लाखांहून जास्त संगणक शेवटपर्यंत तसेच होते. टोळीच्या म्होरक्याला, व्लादिमीर त्सास्त्सिनला, 2016मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने सव्वासात वर्षांची शिक्षा दिली.

मला या प्रकरणात सगळ्यात बोलका वाटतो तो आठ महिन्यांचा आळस. तसं म्हटलं तर तो आळसही नव्हे. त्या लोकांचं नेट चालू होतं. जाहिराती जरा जास्त येतात, एवढीच तक्रार, आणि तेवढ्यासाठी कोण उठतंय?

तर मामांचा लॅपटॉप. आधी कोणता नाका फुटलाय ते शोधायचं, औषध नंतर. मी त्यांना फोनवर तीन गोष्टी करून बघायला सांगितल्या. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच होतं का? नाही. म्हणजे विंडोज बहुधा ठीक, दोष त्या एका ब्राउझरमध्ये. घरातल्या मोबाइलवर, त्याच वायफायवर, तसं होतं का? नाही. झालं असतं तर राउटर संशयित. अशा वेळी तो रीसेट करून नवा पासवर्ड घालायचा आणि डीएनएसची नोंद तपासायची. तिसरं, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडल्यावरही त्रास राहतो का? राहिला. राउटर सुटला, आरोपी लॅपटॉपमध्येच.

मग साफसफाई. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स'च्या यादीला तारखेप्रमाणे लावलं, की त्या हिरव्या बटणाच्या दिवशी बसलेले पाहुणे एका रांगेत दिसतात. मामांकडे तिघे होते: एक 'शोध-सहायक', एक हवामान सांगणारा, आणि एक संगणकाचा वेग वाढवतो म्हणणारा. तिघांनाही निरोप दिला. काढताना विचारतात, 'खात्री आहे? तुमची सुरक्षितता कमी होईल.' तिकडे लक्ष द्यायचं नाही. पण नाव अनोळखी दिसलं म्हणून लगेच काढूही नये. तारीख जुळत नसेल आणि नाव प्रिंटर किंवा ग्राफिक्सवाल्या कंपनीचं असेल तर हात लावू नका.

त्यानंतर ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. यात एक मेख आहे. आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या विकलं जाऊ शकतं. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' 20 लाखांहून जास्त लोक वापरत होते. 2020मध्ये मूळ मालकाने ते विकलं, आणि फेब्रुवारी 2021मध्ये घातक म्हणून गूगलला ते बंद करावं लागलं. पाटी तीच, गल्ल्यावर माणूस दुसरा. म्हणून मी मामांची दोन सोडून सगळी काढली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'रीसेट' आहे, ते वापरलं. त्याने मुख्यपान आणि शोध-इंजिन मूळपदावर येतात, एक्स्टेन्शन्स बंद होतात. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड शाबूत राहतात. ही धास्ती अनेकांना असते, म्हणून मुद्दाम सांगते.

एवढं करूनही नकोसं एक्स्टेन्शन परत आलं, तर बहुधा दोनपैकी एक कारण. एक तर सिंक चालू आहे आणि ते दुसऱ्या संगणकावरून खात्यामार्फत परत येतंय. नाहीतर ॲडवेअरने ब्राउझरला ऑफिसचे नियम लावलेत. कंपन्या कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरवर काही गोष्टी सक्तीने बसवू शकतात, तीच सोय हे लोक वापरतात. घरच्या संगणकावर क्रोमच्या मेनूत 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' असं दिसलं तर चौकशी करावी. अँटिव्हायरसमुळेही ते दिसू शकतं. विंडोजच्या रजिस्ट्रीतले ते नियम काढणं मात्र जाणकाराकडे द्यावं.

शेवटी डिफेंडरचं पूर्ण स्कॅन, आणि जोडीला मालवेअरबाइट्सचं 'ॲडब्ल्यूक्लीनर', जे फुकट आहे आणि याच कामासाठी आहे. उतरवायचं मात्र कंपनीच्याच साइटवरून. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या साइटवरही सफाईची फुकट साधनं मिळतात; ती ज्या कंपन्यांच्या मदतीने दिली जातात त्यांत पुण्याची क्विक हील आहे.

कोपऱ्यातले '5 व्हायरस' मात्र स्कॅननंतरही येत राहिले. मामा हवालदिल. गंमत म्हणजे तो प्रोग्रॅमच नव्हता, त्यामुळे स्कॅनरला सापडणार काय? कुठल्याशा पानाने 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा' म्हटलं, मामांनी दाबलं, आणि त्या साइटला सूचना पाठवण्याची परवानगी मिळाली. क्रोममध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, आणि परवानगीच्या यादीतून अनोळखी नावं काढली. दहा सेकंदांत शांतता. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याअधिक 'व्हायरस आलाय'च्या तक्रारी हल्ली या एका यादीत मिटतात. मोबाइलवरही हीच यादी असते.

कधी कधी नाका कारखान्यातूनच फुटलेला येतो. लेनोव्होने 2014मध्ये काही लॅपटॉपवर 'सुपरफिश' नावाचं जाहिरातबाज सॉफ्टवेअर बसवून विकलं. बँकेच्या साइटशी होणारं कुलूपबंद संभाषणही आपल्याला वाचता यावं म्हणून ते विंडोजमध्ये स्वतःचं मुख्य प्रमाणपत्र घालायचं, म्हणजे ओळखपत्रं देणाऱ्या कचेरीत आपलाच शिक्का ठेवायचा. आणि तो शिक्का सगळ्या लॅपटॉपवर एकच. फेब्रुवारी 2015मध्ये एका संशोधकाने त्याचा पासवर्ड शोधून काढला. तो होता ते तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचं नाव. कोणीही भामटा त्या शिक्क्याने खोटी बँक उभी करू शकला असता. 2017मध्ये लेनोव्होने अमेरिकेतल्या 32 राज्यांशी 35 लाख डॉलरवर तडजोड केली.

मामांना मी फार उपदेश केला नाही. शोधाच्या निकालांत वरती 'प्रायोजित' लिहिलेलं असेल तिथून काही उतरवायचं नाही. इन्स्टॉलरमध्ये 'कस्टम' निवडायचं आणि खुणा काढायच्या. जाहिराती अडवणारं एक एक्स्टेन्शन बसवून दिलं. एफबीआयनेही डिसेंबर 2022मध्ये लोकांना तसा सल्ला दिला होता. आणि फाइल एक्सप्लोररमध्ये नावांची शेपटं दाखवण्याची सोय चालू केली, कारण विंडोज ती मुळात लपवून ठेवतं. फॉन्टच्या नावाचं शेपूट टीटीएफ किंवा ओटीएफ असतं. ईएक्सई असेल तर तो फॉन्ट नव्हे, तो कोणाचा तरी प्रोग्रॅम.

राहिला फॉन्ट. माळ्यावर मामांचा जुना संगणक होता. मॉनिटरऐवजी टीव्ही जोडून तो चालू केला, फॉन्टच्या फोल्डरमधून ती टीटीएफ फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. आकार शंभर केबीसुद्धा नाही. हिरव्या बटणाने उतरलेली तिच्या कैक पट होती. नव्या लॅपटॉपवर फॉन्ट बसला आणि वीस वर्षांपूर्वीचा लेख उलगडला. मामांनी चष्मा वर केला, पहिली ओळ वाचली आणि म्हणाले, "हे ऱ्हस्व का राहिलं इथे?"